राजावर हल्ला: मोहरा देण्याआधी काय मोजायचे

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो आणि मैदाने ओस पडलेली असतात. बुद्धिबळाचा पट मांडून बसायला ही वेळ उत्तम. फक्त कूलरच्या थेट झोतात बसू नका, चाली लिहायचा कागद जागेवर राहत नाही.

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. त्याआधी रौनक साधवानी २०१९ मध्ये आणि संकल्प गुप्ता २०२१ मध्ये ग्रँडमास्टर झाले होते. तिघेही नागपूरचे. असे खेळाडू आपल्याच शहरातले आहेत म्हटल्यावर पोट्ट्यांना खेळावेसे वाटतेच, आणि खेळायला लागल्यावर सगळ्यांत आधी करावेसे वाटते ते म्हणजे उंट फेकून समोरच्याचा राजा उघडा पाडणे. ही ओढ चांगलीच आहे, ती दाबू नये. गडबड होते ती मोजण्यात. उंट दिला, राजा बाहेर आला, दोन शह दिले, आणि मग हल्ल्याला माणूसच उरला नाही, असे दहा वर्षांच्या मुलांच्या डावांत नेहमी दिसते. मोठ्यांच्या डावांतही काही कमी दिसत नाही.

म्हणून पुढच्या प्रत्येक उदाहरणात एकच प्रश्न विचारत राहा: दिल्यानंतर पुढचा मोहरा कोणता येणार, आणि किती चालींत?

चाली लिहिताना रा, व, ह, उं, घो ही अक्षरे वापरली आहेत. नुसते घर लिहिले असेल तर चाल प्याद्याची, आणि × म्हणजे मारले. घरांची नावे पांढऱ्याच्या बाजूने: उभ्या रांगा, म्हणजे फाईल, डावीकडून ए ते एच, आणि आडव्या ओळी खालून १ ते ८. आकड्यापुढे तीन टिंबे असतील तर चाल काळ्याची. घो(बी) म्हणजे बी फाईलवरचा घोडा. सगळे पटावर मांडूनच वाचा. नुसते डोळ्यांनी वाचून यातले काही हाताला लागणार नाही.

आधी मोजणी

राजाभोवतीचा भाग म्हणजे राजा ज्या घरांत जाऊ शकतो ती घरे आणि त्याच्या पुढची तीन प्यादी. या भागात तुमचे किती मोहरे एका किंवा दोन चालींत पोचतात ते मोजा. प्रतिस्पर्ध्याचे किती मोहरे तिथे बचावाला आहेत किंवा एका चालीत येऊ शकतात, तेही मोजा. वजीर धरून तुमचे निदान तीन हवेत, आणि जो मोहरा तुम्ही देणार आहात तो या मोजणीतून आधीच वजा करायचा. नेमकी इथेच चूक होते. उंट, घोडा आणि वजीर मिळून तीन झाले म्हणून मूल उंट देते, आणि मग हल्ल्याला दोघेच उरतात. घोडा आणि वजीर मिळून मात होते, पण राजाला पळायला घर नसेल तरच.

दुसरी मोजणी वेळेची. ज्या चालीत शह आहे तिला उत्तर द्यावेच लागते. ज्या चालीत शह नाही तिच्यानंतर समोरच्याला एक मोकळी चाल मिळते. बलिदानानंतरच्या, म्हणजे मोहरा मुद्दाम दिल्यानंतरच्या, चालींच्या ओळीत अशा मोकळ्या चाली किती आहेत ते मोजा. एकही नसेल तर ओळ शेवटपर्यंत पाहता येते. एक असेल तर त्या एका चालीत बचाव करणारा काय काय करू शकेल ते सगळे तपासावे लागते. दोन असतील तर नवशिक्याने तो नाद सोडून आधी आणखी एक मोहरा हल्ल्यात आणावा.

बलिदाने दोन जातींची असतात. काहींत तीन-सहा चालींत मात होते किंवा दिलेले व्याजासकट परत मिळते, आणि हे सगळे आधी मोजता येते. काहींत शेवट दिसत नाही, फक्त राजा उघडा राहतो आणि दबाव टिकतो. १९६० मध्ये बोटविनिकला हरवून जगज्जेता झालेला मिखाइल ताल दुसऱ्या जातीसाठी ओळखला जातो आणि त्याचे डाव पाहून हात शिवशिवतात. तरी आमचे मत स्पष्ट आहे. पहिली जात हातात बसेपर्यंत दुसरीकडे वळू नये, कारण दबाव म्हणजे काय हे मात देण्याचे सगळे नमुने पाठ असलेल्यालाच कळते.

एच७ वर उंट

याला जगभर ग्रीक गिफ्ट म्हणतात. सतराव्या शतकातला इटालियन खेळाडू ग्रेको याच्या डावांत हा नमुना सापडतो. मांडा:

पांढरा: राजा जी१, वजीर डी१, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि डी३, घोडा एफ३, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, ई५, एफ२, जी२, एच२.

काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती ए८ आणि एफ८, उंट सी८ आणि बी४, घोडा सी६, प्यादी ए७, बी७, सी७, डी५, ई६, एफ७, जी७, एच७.

चाल पांढऱ्याची. १. उं×एच७ शह, रा×एच७ २. घो-जी५ शह. आता काळ्या राजाला तीन वाटा आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. ही उत्तरे गोंधळली की बलिदान फुकट जाते.

पहिली वाट, मागे जी८ वर. ३. व-एच५, आणि एच७ वर मातीची धमकी. घोडा एच७ सांभाळतो, काळ्याचाच हत्ती एफ८ अडवून बसलेला. हत्ती हलवून वाट काढायची तर ३...ह-ई८. इथे घाईने एच७ वर शह देऊ नका. आधी ४. व×एफ७ शह, रा-एच८ ५. व-एच५ शह, रा-जी८ ६. व-एच७ शह, रा-एफ८ ७. व-एच८ शह, रा-ई७ ८. व×जी७ मात. एफ७ चे प्यादे आधी का खायचे? ते जागेवर राहिले तर शेवटी जी७ वर आलेल्या वजिराचा सातव्या ओळीतला रस्ता अडतो, मात तर नाहीच, साधा शहही बसत नाही. शेवटच्या स्थितीत ई५ च्या प्याद्याकडे नीट पाहा. डी६ आणि एफ६ ही दोन घरे त्यानेच बंद केलेली आहेत. ई५ चे प्यादे नसताना हेच बलिदान केले तर राजा डी६ मार्गे निसटतो.

दुसरी वाट, वर एच६. इथे ३. घो×ई६ शह. शह घोड्याचा नाही, सी१ च्या उंटाचा आहे. घोडा बाजूला झाला आणि कर्ण उघडला, आणि घोडा आता डी८ च्या वजिरावर आहे. काळ्याने शहाची सोय लावेपर्यंत वजीर गेला. हे उत्तर चालायला सी१ चा उंट घरीच, पण मोकळ्या कर्णावर हवा. डी२ चे प्यादे पुढे गेलेले असणे म्हणूनच गरजेचे.

तिसरी वाट, जी६. ही सगळ्यांत अवघड, आणि तयारीचा खेळाडू इथेच येतो. ३. व-जी४ खेळा. धमकी तीच: घोडा ई६ वर मारतो, जी फाईलवर वजिराचा उघड शह बसतो आणि डी८ चा वजीर जातो. काळ्याने ३...एफ५ केले तर ४. व-जी३, धमकी कायम. या वाटेत शहांची साखळी नाही, मोकळ्या चाली आहेत, म्हणून घरी सर्वांत जास्त वेळ हिच्यावर घालवा. एच४ आणि मग एच५ शह हीसुद्धा या वाटेतली कामाची कल्पना आहे.

आणि काळ्याने एच७ मारलेच नाही तर? १...रा-एच८ नंतर तुमचा उंट राजाच्या तोंडात, कोणाच्या आधाराशिवाय आहे. तो परत डी३ वर घ्या. एक प्यादे फुकटात मिळाले आणि राजासमोरचे दार उघडले, एवढ्यावर समाधान माना. मुले इथे "सॅक (बलिदान) दिलाच आहे" म्हणून काहीतरी आणखी फेकायला जातात. तुम्ही अजून काहीच दिलेले नाही.

हे बलिदान कधी फसते तेही पाठ हवे, कारण हा नमुना दिसतो तितका वेळा चालत नाही. काळ्याचा घोडा एफ६ वर असेल आणि ई५ चे प्यादे त्याला हाकलू शकत नसेल, तर एच७ आणि एच५ दोन्ही घरे तो सांभाळतो. हत्ती आधीच ई८ वर गेलेला आणि घोडा डी७ वर असेल, तर व-एच५ ला घो-एफ८ हे उत्तर असते आणि एच७ बंद होते. ई६ चे प्यादे नसेल तर सी८ चा उंट एफ५ वर येऊन एच७ कडे पाहतो. बी१ ते एच७ या कर्णावर काळ्याचा कोणताही मोहरा एका चालीत पोचू शकत असेल तर थांबा.

जी५ चे घरही तपासा. काळ्याचा उंट बी४ ऐवजी ई७ वर असेल तर तो जी५ वरचा घोडा सरळ खातो. सी१ च्या उंटाने परत घेतले तरी हिशोबात तुम्ही एक मोहरा खाली असता, आणि बहुतेक वेळा उरलेला हल्ला तेवढ्याला पुरत नाही. पण तुमचे प्यादे एच४ वर आणि हत्ती अजून एच१ वर असेल तर चित्र फिरते. २...उं×जी५ ३. एच×जी५ शह, आणि एच फाईल उघडली. ३...रा-जी८ ४. व-एच५, काळा एफ७ चे घर मोकळे करायला ४...एफ५ करतो, तर ५. जी६ आणि एच८ वरची मात टळत नाही. म्हणूनच कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा आडोशाला नेणे) न करता एच४ खेळून ठेवलेला पांढरा दिसला की समोरच्याने सावध व्हायला हवे.

दोन उंट

एक उंट देऊन भागत नसेल तर दुसराही जी७ वर देता येतो. ॲमस्टरडॅम, १८८९. इमानुएल लास्कर तेव्हा २० वर्षांचा होता, जगज्जेता व्हायला अजून पाच वर्षे होती. समोर बाऊर. डाव पहिल्या चालीपासून खेळून पाहा:

१. एफ४ डी५ २. ई३ घो-एफ६ ३. बी३ ई६ ४. उं-बी२ उं-ई७ ५. उं-डी३ बी६ ६. घो-सी३ उं-बी७ ७. घो-एफ३ घो(बी)-डी७ ८. कॅसलिंग, कॅसलिंग ९. घो-ई२ सी५ १०. घो-जी३ व-सी७ ११. घो-ई५ घो×ई५ १२. उं×ई५ व-सी६ १३. व-ई२ ए६.

इथे थांबा. काळ्याच्या राजाचा एकच खरा रखवालदार आहे, एफ६ चा घोडा. लास्करने आधी त्यालाच हटवले: १४. घो-एच५ घो×एच५. घोडा वजिराने परत न घेता १५. उं×एच७ शह, रा×एच७ १६. व×एच५ शह, रा-जी८. आता हत्ती आणायला वेळ घालवला असता तर काळ्याने एफ६ करून ई५ च्या उंटाची नजर अडवली असती. म्हणून १७. उं×जी७, रा×जी७ १८. व-जी४ शह, रा-एच७. राजा एफ६ वर गेला असता तर व-जी५ ने मात होती, कारण ई५ आणि जी५ दोन्ही एफ४ च्या प्याद्याच्या ताब्यात आहेत. पहिल्या चालीला पुढे केलेले हे प्यादे इथे कामी येते.

१९. ह-एफ३. हाच तो पुढचा मोहरा. त्याला एच३ गाठायला दोन चाली लागतात आणि पहिल्या चालीत शह नाही, म्हणजे काळ्याला एक मोकळी चाल मिळाली. त्याने १९...ई५ करून सहावी ओळ मोकळी केली. २०. ह-एच३ शह, व-एच६ २१. ह×एच६ शह, रा×एच६. मात झालीच नाही. काळ्याकडे वजिराच्या बदल्यात हत्ती आणि दोन उंट आहेत, आणि लास्कर इथेच थांबला असता तर फार काही मिळाले नसते. पण २२. व-डी७, बी७ आणि ई७ च्या दोन्ही उंटांवर एकदम, आणि एक उंट पडतो. १५व्या चालीला उंट देताना ही २२वी चाल दिसलेली असणे, याला मोजणी म्हणायचे. मुलांना हा डाव दाखवताना १९व्या चालीवर पुस्तक बंद करून "काळ्याला वाचायला काय करता येईल" असे विचारा. ई५ स्वतः शोधणाऱ्या मुलाला हल्ला लवकर येतो.

एच६ वर उंट

काळ्याने एच६ केले की उं×एच६, जी×एच६, व×एच६ करावेसे वाटते. उंटाला दोन प्यादी मिळतात, त्यामुळे तोटा एका प्याद्याएवढाच. पण या बलिदानात लगेच मात जवळपास कधीच नसते, एफ६ चा घोडा एच७ सांभाळून असतो. तेव्हा दोनच गोष्टी पाहायच्या. हत्ती ई१ वरून ई३ आणि जी३ असा येऊ शकतो का, म्हणजे तिसरी ओळ मोकळी आहे का. आणि काळ्याचा उंट एका चालीत एफ८ वर येऊन तुमच्या वजिराला हाकलू शकतो का. दुसऱ्याचे उत्तर "हो" असेल तर हल्ल्याचा वेग तिथेच संपतो.

हत्ती द्यायचा, वेळ विकत घ्यायचा

कधी मोहरा काही फोडण्यासाठी द्यायचा नसतो, नुसती फाईल मोकळी करायची असते. मांडा: पांढरा राजा सी१, वजीर डी१, हत्ती एच१, प्यादी ए२, बी२, सी२, जी६. काळा राजा जी८, वजीर बी६, हत्ती एफ८, प्यादी ए७, बी७, एफ६, जी७.

व-एच५ साधी आणि चांगली दिसते, पण तिच्यात शह नाही. काळा ह-डी८ करतो आणि राजा एफ८, ई७ मार्गे चालायला लागतो. त्याऐवजी १. ह-एच८ शह. राजाला घ्यावाच लागतो. २. व-एच५ शह, रा-जी८ ३. व-एच७ मात. वजीर त्याच घरावर आला, पण आता शह देत आला. एका अख्ख्या हत्तीची किंमत देऊन एक चाल वाचवली आणि त्या एका चालीत डाव संपला. जी६ चे प्यादे एफ७ आणि एच७ ही दोन्ही घरे धरून आहे. असे प्यादे समोरच्या राजाच्या नाकासमोर रोवले गेले की हा नमुना शोधायची सवयच लावा.

घोडा शेवटी येतो तेव्हा

पांढरा राजा जी१, वजीर ई२, घोडा जी५. काळा राजा जी८, हत्ती बी८, प्यादी ए७, बी७, जी७, एच७. १. व-सी४ शह. राजा एफ८ वर गेला तर व-एफ७ मात, म्हणून १...रा-एच८ २. घो-एफ७ शह, रा-जी८ ३. घो-एच६ दुहेरी शह, रा-एच८ ४. व-जी८ शह, ह×जी८ ५. घो-एफ७ मात. राजा आपल्याच हत्तीने आणि प्याद्यांनी कोंडला गेला. याला स्मदर्ड मेट म्हणतात. तिसऱ्या चालीचा दुहेरी शह वगळून चालत नाही: दोन मोहरे एकदम शह देतात तेव्हा मारून किंवा आड येऊन सुटका नसते, राजाच हलवावा लागतो. हे कधी जमत नाही? काळ्याचा हत्ती एफ८ वर असेल तेव्हा, कारण एफ७ वर आलेला घोडा तो खाऊन टाकतो. आठव्या ओळीत हत्ती आणि जी८ यांच्यामध्ये काही असेल तर हत्ती जी८ वर पोचणारच नाही, पण मग वजिराला जी८ वर मारणारे कोणी नसते आणि एच६ च्या घोड्याच्या आधाराने तीच मात ठरते.

दुसरा नमुना: पांढरा वजीर एच५, घोडा डी५, हत्ती ई३, राजा जी१. काळा राजा जी८, हत्ती एफ८, प्यादी एफ७, जी७, एच७, आणि वजीर बी२ चे प्यादे खायला गेलेला. १. घो-ई७ शह, रा-एच८ २. व×एच७ शह, रा×एच७ ३. ह-एच३ मात. जी८ आणि जी६ दोन्ही ई७ च्या घोड्याने धरले आहेत. वजीर देण्याआधी तीन ठिकाणी नजर टाका. काळ्याचा उंट सी८ वर असून कर्ण मोकळा असेल तर तो एच३ वरचा हत्ती खातो. काळा वजीर डी८ वर असेल तर पहिल्याच चालीला घोडा जातो. आणि वजीर पाचव्या किंवा सहाव्या ओळीवर, मधला रस्ता मोकळा असेल तर तो एच५ किंवा एच६ वर आडवा येतो.

राजा मधेच अडकलेला असताना

कॅसलिंग न केलेल्या राजावरचा हल्ला शिकायला पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधला डाव अजूनही सर्वांत उपयोगी. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे मिळून.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ उं-जी४ ४. डी×ई५ उं×एफ३ ५. व×एफ३ डी×ई५ ६. उं-सी४ घो-एफ६ ७. व-बी३ व-ई७ ८. घो-सी३ सी६ ९. उं-जी५ बी५ १०. घो×बी५ सी×बी५ ११. उं×बी५ शह, घो(बी)-डी७ १२. वजिराच्या बाजूला कॅसलिंग, ह-डी८ १३. ह×डी७ ह×डी७ १४. ह-डी१ व-ई६ १५. उं×डी७ शह, घो×डी७ १६. व-बी८ शह, घो×बी८ १७. ह-डी८ मात.

सगळे १६व्या चालीतल्या वजिराच्या बलिदानाचे कौतुक करतात. शिकायची चाल आमच्या मते १४वी आहे. हत्ती देऊन झाला, आणि मग शह नाही, मारणे नाही, फक्त शेवटचा बसून राहिलेला हत्ती डी१ वर. काळ्याला मोकळी चाल मिळाली तरी तिचा उपयोग नाही, कारण एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डाव संपेपर्यंत जागचे हललेले नाहीत. मोकळ्या चालींची भीती किती बाळगायची हे समोरच्याचे किती मोहरे झोपलेले आहेत त्यावर ठरते.

लहान मुलांना आवडणारा लेगालचा सापळाही याच घरातला: १. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. उं-सी४ उं-जी४ ४. घो-सी३ जी६ ५. घो×ई५ उं×डी१ ६. उं×एफ७ शह, रा-ई७ ७. घो-डी५ मात. काळ्याने वजीर न घेता ५...डी×ई५ केले तर ६. व×जी४ आणि एक प्यादे वर. दोन्हीकडून फायदा. मात्र काळ्याचा घोडा सी६ वर आलेला असेल तर हे खेळू नका. तो घोडा ई५ वर मारतो, जी४ चा उंट सांभाळतो आणि तुमच्या सी४ च्या उंटावरही येतो, आणि तुमचा घोडा सरळ गेला.

आणि एक सवय सोडायलाच हवी. १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ उं-सी५ नंतर लगेच ४. उं×एफ७ शह, रा×एफ७ ५. घो-जी५ शह. डी८ ते जी५ कर्ण मोकळा आहे, काळा वजीर घोडा खातो, संपले. पाचव्या चालीला घो×ई५ शह असा जेरोम गॅम्बिट खेळला तरी तो खरा नाही. घाबरलेल्या समोरच्यावर चालतो, शांत बसणाऱ्यावर नाही. तुमचे बाकीचे मोहरे घरी बसलेले असताना राजा उघडा करून उपयोग काय?

बचावाच्या खुर्चीत

हल्ला शिकायचा तर तीच स्थिती बचावाच्या बाजूनेही खेळावी लागते. बलिदान आले की घाबरून लगेच मारू नका आणि लगेच नाकारूही नका. आधी वजीर बदलता येतो का पाहा, वजीर गेला की बहुतेक हल्ल्यांचे दात पडतात. मग मिळालेला मोहरा योग्य वेळी परत देऊन राजाला घर मिळते का पाहा. घेतलेले सगळे पोटाशी धरून बसणारा बचाव करणारा जास्त वेळा मात खातो.

सुट्टीतला सराव

पहिले दहा दिवस फक्त वरचे नमुने. रोज दोन, पटावर मांडून, न बघता शेवटपर्यंत. प्रत्येक नमुन्यातला एक मोहरा दुसऱ्या घरावर सरकवा आणि आता बलिदान चालते का ते सांगा: उंट बी४ ऐवजी ई७, हत्ती एफ८ ऐवजी ई८, ई५ चे प्यादे ई४ वर. नमुना ओळखणे आणि त्याची अट ओळखणे यांत फरक आहे, आणि तो फरक या एका खेळाने जितका कळतो तितका दुसऱ्या कशानेही कळत नाही.

पुढचे दोन आठवडे लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर, ते फुकट आहे. तिथल्या कोड्यांत बलिदान, स्मदर्ड मेट, अनास्तासियाची मात (वरचा ह-एच३ ने संपणारा नमुना) असे विषय वेगळे निवडता येतात. वेगाने शंभर कोडी सोडवण्यापेक्षा रोज दहा घ्या. प्रत्येकाला दहा मिनिटेपर्यंत द्या आणि हात लावण्याआधी पूर्ण ओळ वहीत लिहा, समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट. शोधताना क्रम ठेवा: आधी सगळे शह, मग सगळे मार, मग धमक्या. वेडगळ दिसणारा शहसुद्धा एकदा बघायचाच, मॉर्फीचा व-बी८ तसाच सापडतो. उत्तर बरोबर आले पण लिहिलेली ओळ चुकली असेल तर ते कोडे चुकले असे धरा.

शेवटच्या आठवड्यात जोडीदार घ्या. ग्रीक गिफ्टची स्थिती, ३. व-जी४ नंतरची, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा खेळा, प्रत्येकी दहा मिनिटांच्या घड्याळावर. त्यानंतरच इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम) लावा, आणि इंजिनचा आकडा पाहण्याआधी आपला अंदाज वहीत लिहून ठेवा.

स्पर्धेत उतराल तेव्हा दोन नियम आडवे येतात. हात लागला तो मोहरा खेळावाच लागतो, म्हणून एच७ दिसताच उंटाकडे गेलेला हात मागे घेऊन मांडीखाली ठेवा आणि तिन्ही वाटा पुन्हा एकदा मोजा. आणि चाल आधी कागदावर लिहून मग खेळणे नियमात बसत नाही. खेळा, घड्याळ दाबा, मग लिहा. बलिदानाच्या चालीवर घड्याळातला वेळ खर्च करायला घाबरू नका. पुढच्या चाली शहांच्या असतील तर त्या तुम्ही आत्ताच पाहून ठेवलेल्या असतात आणि त्यांना वेळ लागत नाही. मात्र दिल्यानंतर समोरच्याने तुम्ही न पाहिलेली चाल केली, तर ठरलेली ओळ रेटू नका. नव्या स्थितीत कोणते मोहरे राजापाशी पोचतात ते पहिल्यापासून मोजा.